नृत्याचा वर्ग पडद्यावर की खोलीत : मुलांच्या कारक कौशल्यांसाठी कशाचे शिक्षण कुठे द्यावे

२०२० च्या टाळेबंदीत सहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे कथक शिकू लागली. दीड वर्ष ती आठवड्यातून दोनदा माझ्या लॅपटॉपवरच्या एका चौकोनात उभी राहत होती. तिची पढंत (नृत्याचे बोल तालात म्हणणे) स्वच्छ होती, त्रितालाच्या १६ मात्रा ती टाळी-खालीसह हातावर न चुकता दाखवत असे आणि हस्तकही (हातांच्या ठरावीक हालचाली) नेटके होते. प्रत्यक्ष वर्ग सुरू झाल्यावर ती प्रथमच माझ्या खोलीत आली, तिने तत्कार (तालात पाय मारण्याचा मूळ पाठ) धरला आणि पहिल्याच आवर्तनात, म्हणजे तालाच्या पहिल्याच फेऱ्यात, मला ऐकू आले की तिचा डावा पाय वाजतच नाही. उजव्या तळव्याचा भरीव ‘धप्’ येत होता आणि डाव्याचा नुसता कोरडा ‘टक’. खाली बसून पाहिले, तर डावी टाच जमिनीपासून दोन बोटे वर राहत होती आणि शरीराचा सगळा भार उजवीकडे कललेला होता. तिच्या घरी मोबाइल टेबलावर ठेवलेला असे, त्यामुळे घोट्याखालचे मला कधी दिसलेच नव्हते. आणि पायांचा आवाज गोंगाट समजून ॲपने गाळून टाकला होता. ती टाच खाली यायला सात महिने लागले.

त्या सात महिन्यांनी मला जे शिकवले ते पालकांच्या आणि तरुण शिक्षकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. ‘ऑनलाइन चांगले की प्रत्यक्ष’ असा प्रश्न पालक विचारतात तेव्हा ते नृत्य ही एकसंध वस्तू धरून चालतात. प्रत्यक्षात एका तासात मूल पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी शिकत असते; त्यांपैकी काही पडद्यावरून जशाच्या तशा पोचतात, काही अर्धवट पोचतात आणि काही मुळीच पोचत नाहीत. ही वाटणी नीट केली की बाकीचे निर्णय सोपे होतात. मी कथकच्या आधाराने लिहीत आहे, कारण मला तेच शिकवता येते. भरतनाट्यम शिकणाऱ्यांनी तत्काराच्या जागी तट्टडवू आणि सरळ उभे राहण्याच्या जागी अरमंडी धरून वाचावे.

पायरी १ : एका तासात शरीर काय काय शिकते ते वेगळे करा

बालविकासाच्या अभ्यासात कारक कौशल्यांचे दोन भाग करतात. चालणे, धावणे, उडी मारणे, एका पायावर तोल सांभाळणे, गिरकी घेणे ही मोठ्या स्नायूंची कामे स्थूल कारक कौशल्यांत येतात आणि बोटांची, मनगटाची बारीक कामे सूक्ष्म कारक कौशल्यांत. बोलताना आपण दोन्हींना मिळून मोटर स्किल्स म्हणतो. नृत्यात यांच्या जोडीला आणखी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे ऐकलेल्या लयीशी हालचाल जुळवणे आणि दुसरी म्हणजे न पाहता स्वतःच्या शरीराचे भान ठेवणे. डोळे मिटलेले असले तरी आपला हात खांद्याच्या वर आहे की खाली हे स्नायूंतून आणि सांध्यांतून कळते, ते हे भान होय.

तत्काराचेच उदाहरण जवळून पाहू. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ यात पहिल्या चार बोलांना उजवा-डावा-उजवा-डावा असे पाय पडतात आणि पुढच्या चारांना डावा-उजवा-डावा-उजवा. म्हणजे ‘तत्’ डाव्या पायाने घेतल्यावर लगेच येणारा ‘आ’ही डाव्याच पायाने घ्यायचा असतो. चालायला लागल्यापासून मुलाने एकाआड एक पाय टाकलेला असतो. इथे प्रथमच तोच पाय लागोपाठ दोनदा मारायचा असतो आणि त्यासाठी ‘तत्’च्या वेळी डाव्या पायावर पूर्ण भार टाकून चालत नाही, थोडा भार उजव्या पायावर राखून ठेवावा लागतो. पुन्हा ‘ता’वर येताना हेच उजव्या बाजूने घडते. सहा-सात वर्षांच्या बहुतेक मुलांचा पहिला अडथळा याच ठिकाणी येतो. राखून ठेवलेला हा भार नुसत्या डोळ्यांना फारसा दिसत नाही. तो कमरेच्या किंचित हालण्यातून आणि तळव्याच्या आवाजातून कळतो. शिक्षक शेजारी उभा असेल तर जमिनीच्या थरथरीतूनही कळतो. पडद्यावर यातले जवळजवळ सगळे हरवते.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. असंयुत हस्तांपैकी, म्हणजे एका हाताच्या मुद्रांपैकी, पताक हस्तात चारही बोटे सरळ जुळलेली असतात आणि अंगठा दुमडलेला असतो. त्याच पताकातली फक्त अनामिका वाकवली की त्रिपताक होतो. मधले बोट आणि करंगळी सरळ ठेवून एकटी अनामिका वाकवणे हे लहान मुलाला खरोखर अवघड जाते आणि सूक्ष्म कारक कौशल्याचा तो उत्तम सराव आहे. वीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या अनामिकेकडे पाहणे मला कधीच जमले नाही. पडद्यावर मात्र मूल हात कॅमेऱ्याजवळ आणते आणि कुठले बोट ढिले पडले आहे ते मला स्पष्ट दिसते.

माझ्या अनुभवातून झालेली वाटणी अशी आहे. पढंत, हाताने ताल देणे, हस्त, मान आणि नजरेच्या हालचाली, चेहऱ्याचा अभिनय, आधी शिकलेल्या रचनेचा क्रम पक्का करणे आणि तालाची लिपी ही कामे पडद्यावर चांगली होतात. हस्तकांची दिशा, उभे राहण्याची ठेवण आणि आधी शिकलेल्या तत्काराचा सराव ही कामे कॅमेरा नीट लावला तर निभतात. तत्काराची पहिली घडण, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, चक्कर, उड्या, जागा व्यापत चालणे आणि इतरांच्या शेजारी न धडकता नाचणे यांसाठी खोलीच हवी.

पायरी २ : मुलाचे वय पाहून माध्यम ठरवा

साधारण तीन वर्षांपर्यंतची मुले समोरच्या माणसाकडून जितके शिकतात तितके तीच कृती पडद्यावर पाहून शिकत नाहीत, हे बालमानसशास्त्रातील संशोधनात वारंवार दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांसमोर बसून पाहण्याचा पडदा दिवसाला एका तासापेक्षा जास्त असू नये, कमी असेल तितके बरे. आणि तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांतील किमान ६० मिनिटे दमवणारी असावी. एवढ्या लहान मुलाला ऑनलाइन नृत्यवर्गात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरात आजीबरोबर बडबडगीतावर टाळ्या वाजवणे, अंगणात लंगडी घालणे, मंगळागौरीच्या खेळांत मोठ्यांच्या पायांत घोटाळणे हेच त्या वयाचे खरे नृत्यशिक्षण आहे.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला प्रत्यक्ष वर्ग द्यावा. तो जवळपास नसेल आणि ऑनलाइनशिवाय पर्याय नसेल, तर आई, वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणीतरी मुलाच्या शेजारी उभे राहून प्रत्यक्ष तीच कृती करावी. सोफ्यावर बसून ‘पाय नीट टाक’ असे सांगू नये. या वयाचे मूल शेजारच्या शरीराकडून शिकते आणि पालकाचे शरीर तेथे शिक्षकाची उणीव काही प्रमाणात भरून काढते. पालकाला नाचता येण्याची गरज नाही.

सात ते नऊ या वयात पहिले सहा महिने प्रत्यक्ष वर्ग आणि त्यानंतर मिश्र पद्धत चालते. दहा वर्षांपुढच्या, दोन-तीन वर्षे शिकलेल्या मुलांना पडद्यावरूनही बरेच देता येते, कारण त्यांच्या शरीराला मूळ हालचाल माहीत असते आणि ‘डाव्या टाचेवर भार कमी आहे’ असे नुसते शब्दांत सांगितले तरी ती दुरुस्ती करू शकतात. लहान मुलाला त्या वाक्याचा अर्थ कळतो, पण त्याच्या टाचेपर्यंत तो पोचत नाही.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, असे त्याच संघटनेची २०२० ची शिफारस सांगते. चाळीस मिनिटांच्या ऑनलाइन वर्गातला पुष्कळ वेळ ऐकण्यात, वाट पाहण्यात आणि ‘मॅडम, आवाज येत नाही’ यात जातो. म्हणून अशा वर्गाला त्या दिवसाचा पूर्ण व्यायाम समजू नये; मुलाला खाली खेळायला पाठवावेच.

पायरी ३ : वर्ग सुरू करण्यापूर्वीची नोंद करून ठेवा

पहिल्या आठवड्यात मुलाच्या पाच-सहा साध्या हालचाली मोबाइलवर चित्रित करून तारीख लिहून ठेवाव्यात. ही परीक्षा नाही आणि तज्ज्ञांच्या चाचणीची जागाही ती घेत नाही. तीन महिन्यांनी तुलना करता यावी, एवढाच तिचा हेतू आहे. मुलाला हा खेळ वाटला पाहिजे.

कमरेवर हात ठेवून एका पायावर उभे राहणे, प्रथम उजव्या आणि मग डाव्या पायावर, आणि किती सेकंद ते मोजणे. पाच-सहा वर्षांची बरीच मुले दहा सेकंदांच्या आसपास टिकतात. मात्र आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक महत्त्वाचा असतो. त्यानंतर आधी एका आणि मग दुसऱ्या पायावर लंगडी घालत दहा फूट जाणे. फरशीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा जुळवत दहा पावले चालणे. उजव्या हाताने डावा गुडघा आणि डाव्या हाताने उजवा गुडघा आळीपाळीने शिवणे. इथे शरीराची मध्यरेषा ओलांडावी लागते आणि पुढे हस्तकांमध्ये तेच लागणार असते. तबल्याच्या संथ ठेक्यावर टाळ्या देणे आणि ठेका अचानक थांबवला की थांबणे. शेवटी पेन्सिलने वर्तुळ काढणे आणि बोटे एकेक करून अंगठ्याला लावणे.

चित्रण करताना दुरुस्त्या सुचवू नयेत. मूल डावा-उजवा गोंधळले तर गोंधळू द्यावे. तीच नोंद आपल्याला हवी आहे.

पायरी ४ : घरातली जागा, फरशी, कॅमेरा आणि आवाज

किमान सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद मोकळी जागा हवी. टीपॉयचा कोपरा, पलंगाची कड आणि काचेचे कपाट यांपासून ती दूर असावी. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये काँक्रीटवर गुळगुळीत टाइल्स असतात. त्या कठीण असतात, पायाचा धक्का जिरवत नाहीत आणि घामाने निसरड्या होतात. फरशी वर्गापूर्वी कोरडी पुसावी आणि मोजे घालून कधीही नाचू नये. सतरंजी सरकते, म्हणून ती नको. योगाची चटई तत्काराच्या हलक्या सरावाला चालते, पण तिच्यावर चक्कर घेऊ देऊ नये, कारण तळवा चटईला चिकटतो, शरीर फिरते आणि पीळ गुडघ्यात जातो. हा धोका पालकांच्या लक्षात सहसा येत नाही.

कॅमेऱ्याची कसोटी एकच आहे : मुलाने दोन्ही हात डोक्यावर पूर्ण ताणले तरी बोटे दिसली पाहिजेत आणि त्याच वेळी पायांखालची हातभर जमीन दिसली पाहिजे. त्यासाठी मोबाइल आडवा धरून, मुलाच्या कमरेच्या उंचीवर, आठ ते दहा फूट अंतरावर ठेवावा लागतो. स्टँड नसेल तर खुर्चीवर दोन डबे ठेवून त्यांना टेकवला तरी काम भागते. खिडकी मुलाच्या पाठीमागे असू नये. प्रकाश समोरून यावा. अंधूक उजेडात कॅमेरा प्रत्येक चित्र जास्त वेळ टिपत राहतो, त्यामुळे जलद पाय नुसते पुसट दिसतात आणि शिक्षकाला दुगुन-चौगुनीतली (दुप्पट-चौपट लयीतली) चूक ओळखता येत नाही. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने एक फुली मारावी. मूल नाचता नाचता कुठे सरकले ते त्या फुलीवरून मुलालाच कळते.

आवाजाचा विषय मी थोडा विस्ताराने मांडणार आहे, कारण ऑनलाइन वर्गातली लयीची बरीचशी हानी इथे होते आणि ती टाळता येते. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एक मात्रा एका सेकंदाची असते. चौगुनीत त्या सेकंदात चार बोल येतात, म्हणजे प्रत्येक बोलाला पाव सेकंद मिळतो. माझा आवाज मुलापर्यंत जाऊन त्याच्या पायांचा आवाज माझ्यापर्यंत परत यायला सहज पाव सेकंद लागतो. म्हणजे मूल अगदी अचूक नाचत असले तरी मला ते एक बोल मागे ऐकू येते. अशा वेळी मी ‘लय पकड’ असे म्हणाले, तर मूल आपली बरोबर असलेली लय मोडून घाई करू लागते. पहिल्या काही महिन्यांत माझ्याकडून हे अनेकदा घडले आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

उपाय असा की लेहरा (तालाचे आवर्तन दाखवत फिरत राहणारी धून) किंवा ठेका मुलाच्या घरी, दुसऱ्या मोबाइलवर किंवा छोट्या स्पीकरवर वाजवावा. लेहरा आणि पाय या दोहोंचे आवाज मग एकाच वाटेने, सारख्याच विलंबाने शिक्षकापर्यंत येतात आणि त्यांचा परस्परसंबंध टिकून राहतो. शिक्षकाने त्या वेळी स्वतःचा माइक बंद ठेवावा, मोठ्याने बोल म्हणण्याचा मोह आवरावा आणि आवर्तन संपल्यावर बोलावे. बहुतेक ॲपमध्ये आवाजातला गोंगाट गाळण्याची सोय आपोआप चालू असते. ती घुंगरू, तबला आणि तळव्याचा आघात यांना गोंगाट समजते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी किंवा मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय निवडावा.

पायरी ५ : पडद्यावरचा तास कसा घ्यावा

पडद्यावर समोरासमोर उभे राहिले की डावे-उजवे उलटे होते. मुलाला स्वतःची प्रतिमा आरशासारखी दिसते आणि शिक्षकाची मात्र खरी दिसते, त्यामुळे लहान मूल दोन्हींकडे पाहून पुरते गोंधळते. स्वतःची प्रतिमा लपवण्याची सोय असेल तर ती वापरावी. शिक्षकाने नवीन रचना पाठमोरे उभे राहून दाखवावी आणि जुनी रचना समोरासमोर. मी स्वतःच्या आणि मुलांच्या उजव्या घोट्याला लाल फीत बांधते. ‘उजवा’ म्हणण्याऐवजी ‘लाल पाय’ म्हटले की सहा वर्षांच्या मुलालाही तत्काळ कळते आणि तोच शब्द प्रत्यक्ष वर्गातही वापरता येतो.

सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी ४० मिनिटांहून मोठा तास ठेवू नये. पहिली आठ-दहा मिनिटे घोटे, गुडघे, खांदे सैल करण्यासाठी, जागेवर चालण्यासाठी आणि तळवा पूर्ण टेकवत हळू पाय मारण्यासाठी असावीत. त्यानंतर पंधरा मिनिटे पढंत आणि ताल. हा भाग पडद्यावर खरोखर रंगतो. मूल आळीपाळीने माझ्याशी सवाल-जवाब करते, मी अर्धा तुकडा (बोलांची छोटी रचना) म्हणते आणि ते पुरा करते. इथे एकाने थांबून दुसऱ्याचे ऐकायचे असल्याने विलंबाची अडचण येत नाही. उरलेल्या वेळात हस्तक आणि आधी शिकलेली एखादी रचना घ्यावी. नवीन पदन्यास पडद्यावर शिकवू नये, हा नियम मी आता कटाक्षाने पाळते.

दुरुस्ती किती द्यावी याकडेही लक्ष हवे. पडद्यावरच्या शिक्षकाला एकामागून एक सूचना देण्याची सवय लागते, कारण त्याच्याकडे दुसरे साधन नसते. पण प्रत्येक आवर्तनानंतर सूचना मिळाली, तर मूल स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणे सोडते आणि पडद्याकडे पाहत राहते. दोन-तीन आवर्तने होऊ द्यावीत, मग ‘कुठे अडले असे तुला वाटले?’ असे आधी विचारावे आणि त्यानंतर एकच गोष्ट सांगावी. सांगतानाही ‘घोटा वाकवू नकोस’ यापेक्षा ‘सगळा तळवा जमिनीला चिकटला पाहिजे, आवाज भरलेला आला पाहिजे’ असे सांगावे. कृतीचा परिणाम सांगितला की मुलाचे शरीर आपापला मार्ग शोधते.

मुलाची चित्रफीत त्यालाच दाखवणे, हा ऑनलाइन पद्धतीचा मोठा लाभ आहे. आपली कोपरे खाली पडतात, हे मला दहा वेळा सांगूनही न पटलेल्या एका मुलाला स्वतःला पाहताच पटले. मात्र चित्रण पालकांच्या संमतीनेच करावे, ते कोणत्याही गटात किंवा समाजमाध्यमांवर टाकू नये आणि वर्ग चालू असताना घरातले मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे.

पायरी ६ : प्रत्यक्ष तास ज्यासाठी आहे त्यालाच द्या

मिश्र पद्धतीत एक चूक सर्रास दिसते. आठवड्याने किंवा पंधरवड्याने मिळालेल्या प्रत्यक्ष तासात शिक्षक वहीत बोल लिहून देतात, तालाची माहिती सांगतात. ही कामे पडद्यावर होतात. खोलीतला वेळ पायांसाठी, तोलासाठी आणि इतर मुलांसाठी राखावा.

मी तासाच्या सुरुवातीला डोळे मिटून तत्कार ऐकते. एकेका मुलाचा आवाज वेगळा ओळखू येतो : कुणाची टाच उशिरा पडते, कुणी पायाची बोटे आधी टेकवते, कुणाचा एक पाय दुसऱ्याहून जड आहे. मग मुलांनाही डोळे मिटून एकमेकांचे पाय ऐकायला लावते. पाहण्यावाचून तोल सांभाळण्याचा तो सरावही आहे, म्हणून लहानांना हा खेळ भिंतीजवळ द्यावा.

स्पर्शाने दुरुस्ती करण्यापूर्वी मुलाला विचारावे. ‘खांद्याला हात लावू का?’ एवढे विचारून, होकार मिळाल्यावर दोन बोटांनी खांदा खाली दाबला तर जे तीन आठवड्यांत शब्दांनी होत नाही ते तीन सेकंदांत होते.

चक्कर केवळ खोलीतच शिकवावी. कथकमध्ये डाव्या टाचेच्या आधाराने शरीर फिरते. डोळे एका ठिकाणी शक्य तितका वेळ रोखून ठेवायचे असतात आणि मान शेवटी झटकन वळवून पुन्हा त्याच ठिकाणी आणायची असते. मूल फिरायचे थांबले तरी आतल्या कानातील तोलाच्या नलिकांमधला द्रव थोडा वेळ फिरत राहतो, म्हणून खोली गरगरते. या क्षणी शेजारी हात देणारे कोणी नसेल, तर मूल सरळ फरशीवर आपटते. आधी पाच पावलांची, मग तीन पावलांची आणि मग एका पावलाची चक्कर, या क्रमाने जावे आणि दोन-चार चकरांनंतर थांबून श्वास घेऊ द्यावा. घरी सराव द्यायचा तर न फिरता फक्त नजर रोखून मान वळवण्याचा द्यावा.

प्रत्येक प्रत्यक्ष तासाची शेवटची पाच मिनिटे मी फुगडीला किंवा झिम्म्याला देते. फुगडीत दोघींना मागे झुकून एकमेकींचा भार तोलून धरावा लागतो. एकीने हात सैल सोडला तर दुसरी पडते. दुसऱ्याच्या वजनाशी आपले वजन जुळवण्याचा हा सराव कोणत्याही पडद्यावर होणे शक्य नाही, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी तो भोंडल्यात आणि मंगळागौरीत कधीचाच करून ठेवला आहे. मुलगे सुरुवातीला लाजतात, नंतर थांबत नाहीत.

पायरी ७ : आठवड्याची आखणी

सात ते दहा वर्षांच्या मुलासाठी आठवड्यात एक प्रत्यक्ष तास, एक ४० मिनिटांचा ऑनलाइन वर्ग आणि इतर दिवशी घरी दहा-दहा मिनिटांचा सराव पुरेसा होतो. रोजच्या दहा मिनिटांनी शरीर जे धरून ठेवते ते रविवारच्या सलग दोन तासांनी धरत नाही. सरावात एकच गोष्ट घोटण्याऐवजी तत्कार, हस्तक, पढंत, पुन्हा तत्कार असे आलटून-पालटून करावे. आलटून-पालटून केलेला सराव करताना अवघड वाटतो, पण जास्त टिकतो, हे कारक कौशल्यांच्या शिक्षणावरील अभ्यासांतून पुढे आले आहे. घुंगरू पहिले काही महिने नकोतच. तळव्याचा स्वतःचा आवाज आधी घडू द्यावा.

परदेशातील मराठी कुटुंबांना आठवड्याचा प्रत्यक्ष तास मिळत नाही. न्यू जर्सीतील शनिवारी सकाळी ८ चा वर्ग पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला येतो. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ बदलते तेव्हा पहिला वर्ग हमखास चुकतो, म्हणून वेळ दोन्हीकडच्या घड्याळांनुसार लिहून ठेवावी. अशा कुटुंबांनी तेथेच कोणत्याही शैलीचा, अगदी जिम्नॅस्टिक्सचासुद्धा, एक प्रत्यक्ष वर्ग जोडीला लावावा. उडी, तोल, गिरकी आणि पडताना सावरणे हे शरीर तेथे शिकते आणि कथकची भाषा पडद्यावरून शिकते. सुट्टीत भारतात आल्यावर पुतळ्यासारखी छायाचित्रे काढण्याऐवजी सलग आठ-दहा दिवस रोज गुरूंच्या खोलीत जावे. लंडन किंवा दुबईतल्या विद्यार्थ्यांचे माझ्याकडचे सगळ्यात मोठे बदल त्या आठ-दहा दिवसांत झाले आहेत.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची घाई पालकांना फार असते. परीक्षेला बोल, ताल आणि रचना लागतात आणि त्या पडद्यावरून पक्क्या करता येतात, त्यामुळे मूल लवकर ‘तयार’ दिसते. पाय तयार झाले आहेत का, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून अर्ज भरू नये.

पायरी ८ : बारा आठवड्यांनी पुन्हा पाहा

सुरुवातीच्या चित्रफिती काढाव्यात, त्याच हालचाली त्याच जागेवर पुन्हा चित्रित कराव्यात आणि दोन्ही शेजारी-शेजारी पाहाव्यात. पढंत आणि हस्त पुढे गेले असतील, पण लंगडी व एका पायावरचा तोल जिथल्या तिथे असेल, तर प्रत्यक्ष तास वाढवावेत किंवा मैदानी खेळ वाढवावा. तोल सुधारला असेल आणि लय ढिली असेल, तर घरी लेहऱ्यावर हाताने ताल देण्याचा सराव वाढवावा. त्यासाठी पडदा पुरतो. डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वाढलेला दिसला तर तो शिक्षकांना लगेच दाखवावा. माझ्या त्या विद्यार्थिनीच्या बाबतीत अशी एक चित्रफीत तिसऱ्या महिन्यात पाहिली असती, तर टाच तेव्हाच सापडली असती.

काही गोष्टी नृत्यशिक्षकाच्या कक्षेबाहेरच्या असतात. समवयस्क मुलांना सहज जमणाऱ्या जिना उतरणे, बटणे लावणे, चेंडू पकडणे यांसारख्या गोष्टी मुलाला सतत अवघड जात असतील, किंवा आधी येत असलेले एखादे कौशल्य नाहीसे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. आठ ते चौदा या वाढीच्या वयात कठीण फरशीवर उड्या आणि पायांचा आघात वाढला की टाच किंवा गुडघ्याखालचे हाड दुखू लागते. तत्कारानंतर मूल लंगडत असेल किंवा सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखते म्हणत असेल, तर पायांचा सराव थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तोवर मुलाला वर्गातून काढू नये. मांडी घालून बसवावे, ज्या पायाचा बोल त्या बाजूच्या मांडीवर तळहाताने तत्कार द्यायला लावावा आणि पढंत चालू ठेवावी. ‘तत्’ आणि ‘आ’ला तोच हात दोनदा पडतो की नाही, हे तेवढ्यात पाहून घ्यावे.